सिंहगडची आग आणि विशाळगडची तोफ

युद्धावरचा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला काय लक्षात राहिले असे विचारले, तर तो बहुधा तलवारीचा एखादा वार, एखादे आवेशाचे वाक्य किंवा नायकाच्या अखेरच्या श्वासाचा क्षण सांगेल; परंतु मराठ्यांच्या इतिहासातील ज्या दोन लढायांवर आपल्याकडे पुनःपुन्हा चित्रपट निघाले, त्या दोहोंचा शेवट परंपरेने जसा जपून ठेवला आहे तसा पाहिला, तर तो वाराने होत नाही. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री कोंढाणा, म्हणजे सिंहगड, सर झाल्याची वर्दी राजगडावर पोचली ती गडावर पेटविलेल्या आगीच्या उजेडाने. आणि त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, 13 जुलै 1660 रोजी, घोडखिंड, म्हणजे पुढची पावनखिंड, अडवून उभ्या राहिलेल्या बाजीप्रभूंना शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोचल्याचे कळले ते तोफांच्या आवाजाने. एका प्रसंगी दूर वाट पाहणाऱ्याने लढणाऱ्याकडचा उजेड पाहिला. दुसऱ्या प्रसंगी लढणाऱ्याने दूर गेलेल्याकडचा आवाज ऐकला. प्रकाश आणि ध्वनी या दोनच मूलद्रव्यांवर ज्या कलेचा सारा संसार चालतो, तिच्या हाती इतिहासाने हे दोन प्रसंग किती नेमकेपणाने ठेवले आहेत, आणि शंभर वर्षांत आपल्या चित्रपटाने त्यांचे काय केले, याचा विचार करावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

मी परभणीचा. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर आमचा मुलूख सपाट, काळ्या मातीचा, आणि गडकोटांची आम्हाला सवय नाही. पण अंतराची आहे. रात्री शेतावर निजलेल्या माणसाला दुसऱ्या शिवारातला कंदील हलताना दिसतो आणि तो कोणाचा हे त्याच्या चालीवरून ओळखू येते. पूर्णेकडे जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी उशाशी, कधी फार लांब ऐकू येते. त्यामुळे खिंडीच्या चित्रपटात मला खिंडीहूनही अधिक ओढ वाटते ती त्या खिंडीपासून विशाळगडापर्यंतच्या अंतराची; आणि नेमके तेच अंतर पडद्यावर मला सापडत नाही.

प्रारंभ मात्र फार मोठ्या अधिकाराने झाला होता. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्याच्या बळावर बोलपटपूर्व काळात जी कामगिरी केली, तिच्यात 1923 च्या ‘सिंहगड’ला वेगळे स्थान आहे. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी तो मूकपट उभा केला, त्यात तरुण शांताराम वणकुद्रे शेलारमामा झाले होते, आणि रात्रीच्या दृश्यांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. आपल्या देशातला तो पहिला प्रयोग असे मानले जाते. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. परंतु या एका गोष्टीचा अर्थ फार मोठा आहे. तोपर्यंत आपल्याकडचा चित्रपट सूर्याच्या मर्जीवर चालत असे, आणि सूर्याच्या मर्जीवर चालणाऱ्या कलेला रात्र दाखविता येत नाही. पडदे रंगवून आणि व्यक्तिचित्रे काढून हात तयार झालेल्या चित्रकाराला मात्र हे अंगवळणी होते की, अंधार दाखवावयाचा तर त्याच्या पोटात एक दिवा ठेवावा लागतो. तानाजी मालुसरे कडा चढले ती तिथी माघ वद्य नवमीची, म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. त्या लढाईचा सारा डाव अंधारावर लावलेला होता, आणि अंधाराला दृश्याचा दर्जा देणारे तंत्र सापडल्याखेरीज ती लढाई पडद्यावर खऱ्या अर्थाने उतरलीच नसती.

दहा वर्षांनी, 1933 मध्ये, त्याच शेलारमामाने, म्हणजे व्ही. शांतारामांनी, प्रभात कंपनीसाठी ‘सिंहगड’ बोलका केला. पुढे भालजी पेंढारकरांनी हा प्रांत जवळजवळ आपल्या नावावर करून घेतला. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत आपल्या जयप्रभा स्टुडिओची राख झाल्यावरही पुन्हा उभे राहून त्यांनी 1952 साली ‘छत्रपती शिवाजी’, 1956 साली ‘पावनखिंड’, 1964 साली ‘मराठा तितुका मेळवावा’ दिला. भालजींच्या लढाया शब्दांनी जिंकल्या जातात. कॅमेरा शाहिरासमोर बसलेल्या श्रोत्यासारखा स्थिर असतो, पात्रे पूर्ण दिसतात, वाक्य संपेपर्यंत दृश्य तुटत नाही, आणि युद्धाचा अर्थ धन्याची आण आणि सेवकाची निष्ठा यांच्या संभाषणातून सिद्ध होतो. या पद्धतीला नाटकी म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. माणसाला पुरते बोलू देणे आणि तो बोलत असता त्याच्याकडे पुरते पाहणे, ही मर्यादा असली तरी सभ्य मर्यादा आहे.

2020 साली ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला तेव्हा तीच माघातली रात्र पुन्हा पडद्यावर आली, आणि 2023 मध्ये दिग्पाल लांजेकरांच्या ‘सुभेदार’मध्ये आणखी एकदा; म्हणजे बाबूरावांच्या दिव्यापासून मोजले तर बरोबर शंभर वर्षे भरली. ‘तान्हाजी’मधला कडा, दरी, आभाळ, सारे पुष्कळ अंशी संगणकावर रचलेले आहे, आणि त्या रचनेतले कसब नाकारणे अन्यायाचे होईल. पण संगणकाने घडविलेल्या रात्रीत एक दोष असतो: तिथे न दिसणारे असे काही उरतच नाही. दरीचा तळ दिसतो, दोराचा पीळ दिसतो, शत्रूच्या डोळ्यांतले काजळ दिसते. निळसर उजेड सर्वत्र सारखा झिरपलेला असतो. शिवाय गडाचा किल्लेदार उदयभान काळ्या पेहरावात आणि स्वराज्याचा पक्ष उजळ रंगांत, अशी वाटणी प्रकाशाने आधीच करून ठेवल्यामुळे प्रेक्षकाला न्यायनिवाडा करण्याचे काम राहत नाही. राजगडावरून दिसणारी आग ज्या काळोखामुळे बातमी होते, तो काळोखच खर्ची पडल्यावर आग ही केवळ आणखी एक सुंदर आग होते.

ध्वनीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यासाठी ‘पावनखिंड’कडे वळले पाहिजे, भालजींच्या नव्हे, 18 फेब्रुवारी 2022 रोजी प्रदर्शित झालेल्या लांजेकरांच्या. मी तो परभणीतच पाहिला. अजय पूरकरांचे बाजीप्रभू रक्तबंबाळ होऊन उभे होते, प्रेक्षागृहात जयघोष चालला होता, माझ्या शेजारी बसलेला सातआठ वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला होता, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी होते. हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण पुढचे लिहिणार ते त्या पाण्याशी बेइमानी करून नव्हे. लांजेकरांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शिवा काशीद यांच्यासारख्या माणसाला, ज्याने महाराजांच्या वेषात पालखीत बसून मृत्यू पत्करला, त्यांनी कथेत मानाची जागा दिली आहे. पण खिंडीतल्या युद्धाचे तंत्र पाहा. वार उगारला की गती संथ होते, वार बसला की ती पूर्ववत् होते. ढोल, ताशा आणि समूहस्वर यांचा लोंढा क्षणभरही खंडत नाही. मुद्रा इतक्या जवळून दिसतात की खिंडीची रुंदी किती, उतार कोणीकडे, मागे वाट कोठे जाते, याचा अदमास लागत नाही. संथगती ही वस्तुतः गौरवाची खूण आहे. ती क्षणाला काळाच्या प्रवाहातून उचलून देव्हाऱ्यात ठेवते. परंतु बाजीप्रभूंचे सारे शौर्य काळाशी बांधलेले होते: किती वेळ धरायचे, महाराज आता कोठवर गेले असतील, अजून तोफ का होत नाही. जेथे प्रत्येक क्षण पूज्य होतो तेथे एकही क्षण लांबत नाही. आणि जेथे कान एवढे भरलेले असतात, तेथे तोफेसाठी कान देणारा माणूस दाखविता येत नाही. तोफ होते, पण ती ढोलांच्या रांगेत येऊन बसते.

अकिरा कुरोसावांच्या 1985 च्या ‘रान’ या चित्रपटातील किल्ल्यावरचा हल्ला या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. बाणांचा वर्षाव, घोड्यांच्या झुंडी, जळणारे तट, पडणारी माणसे, सर्व समोर चालले असता त्या महापुरुषाने लढाईचा सगळा आवाज काढून घेतला आहे. टापा नाहीत, किंकाळ्या नाहीत, शस्त्रांचा खणखणाट नाही. केवळ तोरु ताकेमित्सू यांचे शोकाकुल संगीत चालू असते, आणि वध करणारे व वध होणारे दोघेही त्यामुळे सारखेच दुर्दैवी दिसू लागतात. मग अकस्मात बंदुकीची एक गोळी सुटते, थोरला पुत्र पडतो, आणि तिच्या आवाजाबरोबर रणांगणाचा सारा कल्लोळ परत येतो. विशाळगडची तोफ अशी ऐकू आली असती तर? बाजीप्रभूंच्या कानांत रक्ताच्या उष्ण लाटेखेरीज काही नाही, पाऊस पडतो आहे पण त्याचा आवाज नाही, आणि मग दूरवरून, धुक्यातून, पहिला दबका धमाका. मला वाटते, त्या सातआठ वर्षांच्या मुलाला तो धमाका जन्मभर ऐकू आला असता.

पाश्चात्त्य युद्धपटाने अलीकडच्या काळात तंत्राकडून जे काम करून घेतले, त्याचा थोडा दाखला येथे देतो. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 1998 च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये कॅमेऱ्याच्या झडपेची उघडझाप मुद्दाम आखूड ठेवल्यामुळे स्फोटातली वाळू कणाकणाने सुटी दिसते आणि माणसांची हालचाल तुटक होते, येथे तंत्र गौरव करीत नाही, ते भय घडविते. क्रिस्टोफर नोलन यांच्या 2017 च्या ‘डंकर्क’मध्ये किनाऱ्यावरचा आठवडा, समुद्रावरचा दिवस आणि आभाळातला तास एकमेकांत विणले आहेत, घड्याळाची टिकटिक संगीतात मिसळली आहे, आणि शत्रूचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, कारण तो चित्रपट शत्रूविषयी नाही, वाट पाहण्याविषयी आहे. आणि एडवर्ड बर्गर यांच्या 2022 च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या जर्मन चित्रपटात फोल्कर बेर्टेलमान यांनी आपल्या पणजीच्या जुन्या हार्मोनियमवर तीन स्वरांची एक गुरगुर उभी केली, जी ऐकताना एखादे अजस्र यंत्र माणसे गिळावयास जागे होत आहे असे वाटते. ज्या पेटीवर आपल्याकडे भजने आणि नाट्यपदे झाली, तिच्यातून युद्धाचे असे भय निघू शकते, हे एका जर्मन संगीतकाराच्या आधी आपल्या कोणा संगीतकाराला सुचावयास हवे होते, अशी हळहळ मला वाटली.

लक्ष्मण उतेकर यांच्या 2025 च्या ‘छावा’विषयी थोडेच लिहितो. संगमेश्वरच्या झटापटीत गनिमी युद्धाची चपळाई आहे, विकी कौशल यांनी देह झिजविला आहे. पण अखेरच्या छळाच्या दृश्यांत कॅमेरा जखमेपासून हटतच नाही. संभाजी महाराजांचे धैर्य सांगण्याऐवजी जखमेचा तपशील सांगितला जातो, आणि प्रेक्षक घरी जातो तो धैर्य घेऊन नव्हे, केवळ क्षोभ घेऊन. कॅमेरा जखमेपासून किती अंतरावर उभा आहे, या एका तांत्रिक निर्णयावर चित्रपटाची नीती ठरते.

मराठी माणसाने युद्धाकडे पाहण्याच्या दुसऱ्या जागा शोधल्याच नाहीत असे मात्र नाही. 1946 साली शांतारामांनी सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीस यांची चीनमधली कथा हिंदीत सांगितली, तेव्हा युद्ध शस्त्रक्रियेच्या टेबलावरून दिसले. नाना पाटेकरांनी 1991 च्या ‘प्रहार’साठी मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर प्रशिक्षण घेतले, आणि त्या चित्रपटातला थकवा अंगाचा थकवा आहे, रंगभूषेचा नव्हे. पण हे दोन्ही मार्ग पुढे कोणी रुंद केले नाहीत.

आणि मग आमच्या स्वतःच्या युद्धाचा प्रश्न उरतो. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत हैदराबाद संस्थानातला निजामी अंमल संपला; मुख्य फौज जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाली, दुसरी औरंगाबाद-जालन्याकडून आली, आणि परभणी जिल्हा इतर मराठवाड्यासह भारतात आला. त्याच्या मागे रझाकारांचा जुलूम, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा, सरहद्दीवरचे कॅम्प. आणि त्याच्या पुढे संस्थानातल्या अनेक गावांत मुसलमान वस्तीवर कोसळलेले ते आठवडे, ज्यांच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवावी लागली. 2015 साली या काळावर ‘रझाकार’ नावाचा मराठी चित्रपट आला, त्याने विषयाचे दार उघडले. तथापि या पाच दिवसांचा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या महिन्यांचा चित्रपट अजून व्हावयाचा आहे. येथे खिंड नाही, कडा नाही, ज्याच्या भोवती कॅमेरा फिरवावा असा एक नायक नाही. परभणीच्या बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचे नाव आहे ‘म्हणे लढाई संपली’. त्यातला ‘म्हणे’ हा शब्द मला नेहमी थांबवतो. आमच्याकडे युद्ध आले ते असेच, ‘म्हणे’च्या वाटेने: फौज जालन्याला आली म्हणे, अमक्या गावी जाळपोळ झाली म्हणे. दृश्याच्या चौकटीबाहेर घडणारे आणि चौकटीत केवळ ऐकू येणारे युद्ध दाखविण्याचे तंत्र ज्या दिग्दर्शकाला साधेल, त्याने इकडे यावे.

त्याला मी एवढेच दृश्य सुचवीन. पावसाळ्याचे दिवस, ज्वारी पोटरीत आलेली, गोदावरी दुथडी भरलेली. गंगाखेडच्या बाजूचे एक गाव, रात्र. एका भिंतीने जोडलेली दोन घरे. लांबून मोटारीचा आवाज येतो. कॅमेरा दोन्ही अंगणे दिसतील इतका मागे उभा आहे आणि हलत नाही. मोटार दिसत नाही, संगीत नाही. डावीकडच्या घरातली बाई कंदिलाची वात खाली करते आणि फुंकर घालते. उजवीकडचा दिवा जळत राहतो. मग तेच गाव, महिन्याभराने, कॅमेरा त्याच जागी, ज्वारी थोडी अधिक उंच; तोच आवाज, तितक्याच अंतरावरून. या खेपेला डावीकडचा कंदील जळत असतो, आणि उजवीकडच्या घरातून एक हात पुढे येऊन दिवा विझवतो.