एकशे पाच डेसिबेल, पण कुठून आणि केव्हा?

इंग्लंडमध्ये हौशी मोटारचालकांना शुल्क भरून शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची स्पोर्ट्स कार पळवता येते. अशा दिवसाला तिकडे ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ट्रॅकवर शिरण्यापूर्वी गाडीच्या आवाजाची परीक्षा होते. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये. एक्झॉस्ट नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ध्वनिमापक धरायचा आणि इंजिन कमाल फेऱ्यांच्या साधारण तीन-चतुर्थांशावर न्यायचे. अनेक ट्रॅकवर मर्यादा असते १०५ डेसिबेल. आकडा त्यापुढे गेला की गाडी परत.

ही परीक्षा स्वस्त आहे, दोन मिनिटांत होते आणि इतक्या जवळून मोजल्यामुळे वाऱ्याचा किंवा शेजारच्या गाडीचा व्यत्यय फारसा येत नाही. एवढे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण ट्रॅकशेजारी राहणाऱ्या माणसाला जो त्रास होतो, तो तिच्यात मोजलाच जात नाही, असे माझे मत आहे.

एक छोटे गणित करून पाहू. उघड्यावर, लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबेलने घटते. अर्ध्या मीटरवरचे १०५ डेसिबेल १५ मीटरवर सुमारे ७५ व्हायला हवेत. कॅलिफोर्नियातील लागुना सेका ट्रॅकवर धावत्या गाडीचा आवाज साधारण एवढ्याच अंतरावरून मोजतात. तेथे बहुतेक दिवशी मर्यादा ९० च्या आसपास ठेवली जाते आणि कारखान्यातून जशीच्या तशी आलेली एखादी गाडीही तिला जाऊन टेकते. मधले १५ डेसिबेल म्हणजे ध्वनिऊर्जेत तीसपटीहून अधिक फरक. तो आला कोठून? थोडा टायरचा, थोडा हवा आत ओढली जाण्याचा. पण मुख्यतः इंजिनावरील भाराचा. न्यूट्रलमध्ये ६,००० फेऱ्यांसाठी थ्रॉटल जेमतेम उघडावा लागतो. चढावर पूर्ण थ्रॉटलने त्याच फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये कितीतरी जास्त मिश्रण जळते आणि एक्झॉस्ट झडप उघडताना आतला दाबही खूप अधिक असतो. आवाज त्या दाबाच्या धक्क्यांचाच असतो.

परीक्षेतील दुसरी फट मला अधिक मौजेची वाटते, कारण ती अकरावीच्या पदार्थविज्ञानातून निघते. चार सिलिंडरच्या चारधावी इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे ६,००० फेऱ्यांना सेकंदाला २०० धक्के. एक्झॉस्टला बाजूने एक बंद टोकाची नळी जोडली आणि तिची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी ठेवली, तर तिच्यातून परतणारी लाट उलट कलेत येते आणि २०० हर्ट्झचा आवाज बराच दबतो. ही लांबी काढताना विद्यार्थी हमखास ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरतात. उत्तर येते ४३ सेंटिमीटर. पण एक्झॉस्टमधला वायू ६०० अंश सेल्सिअसला असेल, तर वेग ५९० च्या घरात जातो आणि नळी लागते ७४ सेंटिमीटरची! (वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. तापमान आणि ध्वनीचा वेग यांचे नाते फळ्यावरच्या सूत्रापेक्षा इथे जास्त पटते.) अशी नळी ६,००० फेऱ्यांवर चोख काम करते, ४,५०० वर मात्र तिचा फारसा उपयोग नसतो. परीक्षा जर एकाच वेगावर होणार असेल, तर गाडी शांत न करता परीक्षेपुरती शांत करता येते. नळीच्या तोंडात बसवायचे, काढता येणारे दट्टे तर याहून सोपे.

मग धावत्या गाडीचेच मोजमाप पुरे, असे म्हणावे काय? तेही पूर्ण खरे नाही. ध्वनिमापकाची जागा माहीत झाली की चालक तेवढ्यापुरता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात किंवा नळीचे तोंड विरुद्ध बाजूला वळवून घेतात. वळवण्याने तीव्र कंप्रतेचा आवाज तिकडे कमी जातो. खर्जाचा आवाज मात्र सर्व दिशांना जवळपास सारखाच पसरतो.

खर्जाचीच गोष्ट मापकही दुर्लक्षितो. हे मापन ‘ए’ भारांकनाने होते. मंद आवाजांना मानवी कान जसा प्रतिसाद देतो त्याला धरून, १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ आणि २०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ११ डेसिबेल वजा केले जातात. इकडे हवा मात्र उलटे करते. दूर जाताना ती तीव्र स्वर अधिक शोषते, खर्ज फारसा नाही. बंद खिडकीही त्याला नीट अडवत नाही. किलोमीटरभर दूरच्या घरात पोचते ती घुमघुम, म्हणजे मापकाने सर्वांत कमी मोजलेला भाग.

शिवाय मर्यादा एकेका गाडीला आहे. सारख्या आवाजाच्या वीस गाड्या एकदम धावल्या तर पातळी १३ डेसिबेलने वाढते, आणि प्रत्येक चालकाजवळ उत्तीर्ण झाल्याची चिठ्ठी असते. उत्तर यॉर्कशरमधील क्रॉफ्ट ट्रॅकच्या शेजाऱ्यांचा दावा २००९ साली अपील न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने गोंगाटाचे दिवस वर्षाला ४० वर आणले. गाड्यांच्या नळ्यांपेक्षा शेजाऱ्यांच्या वाट्याला येणारा एकूण गोंगाट तेथे महत्त्वाचा ठरला, हे मला योग्य वाटते.

शाळेच्या भिंतीवरील तक्त्यात ‘कुजबुज ३०, मोटारसायकल ९०’ असे लिहिलेले असते. अंतर नाही, भारांकन नाही. विद्यार्थ्यांना मोबाईलवरील ध्वनिमापकाने एकाच भोंग्याचा आवाज मैदानावर एक, दोन आणि चार मीटरवर मोजू द्यावा, आणि मग तोच प्रयोग वर्गात. मैदानात ६-६ ने उतरणारे आकडे वर्गात का उतरत नाहीत, हा प्रश्न ते स्वतःच विचारतील.