गणवेशाचा रंग कोणाचा?

खेळाच्या एखाद्या संघाने गणवेशाचा रंग बदलला की प्रेक्षकांमध्ये तत्काळ दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, हा परंपरेवर घाला आहे. दुसरा म्हणतो, कपड्यात काय ठेवले आहे, खेळ पाहा. प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. पहिल्या पक्षाला आपली परंपरा किती जुनी आहे हे सहसा ठाऊक नसते आणि दुसऱ्या पक्षाला माणूस रंगात काय पाहतो हे उमगलेले नसते. रंग बदलावा की न बदलावा यापेक्षा तो कोणी, कोणत्या कारणासाठी आणि कोणाला सांगून बदलला, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे. त्या दृष्टीने या वादाची थोडी छाननी करण्याचा येथे विचार आहे.

रंगावरून पक्ष ओळखण्याची सवय आपल्याला नवी नाही. जरीपटका दिसला की फौज कोणाची ते कळे; पगडीच्या घाटावरून माणूस शिंदेशाहीतला की होळकरशाहीतला, हे आपल्या पूर्वजांना दुरूनच उमगे. याच इंदुरात रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्यापाशी गेर निघते, तेव्हा मात्र रंगाचे काम नेमके उलट असते. तेथे तो माणसामाणसांतील भेद बुजवतो आणि घटकाभर सारे एकाच रंगाचे होऊन जातात. गणवेशाचा रंग भेद दाखवण्यासाठी असतो. म्हणून त्याची परीक्षा करताना पहिला प्रश्न असा, की त्या खेळात भेद दाखवण्याची गरज कितपत आहे?

रग्बीचे उदाहरण घेऊ. हा खेळ माळव्यात फारसा परिचित नाही. पण त्यात दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा गडी एकमेकांत मिसळून, अंगाला अंग भिडवून खेळतात. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेल्या रंगावरूनच आपला साथीदार ओळखावा लागतो. तेथे रंग हे कामाचे हत्यार आहे. न्यूझीलंडचा काळा, दक्षिण आफ्रिकेचा हिरवा, वेल्सचा तांबडा हे रंग शंभराहून अधिक वर्षे टिकले. तेथील प्रेक्षक त्यांच्याबाबत इतके हळवे आहेत, की २०२३ सालच्या विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेने फिकट निळसर-हिरव्या छटेचा पर्यायी वेष काढला, तेव्हा तेथील चाहत्यांनी नाके मुरडली. परंतु पर्यायी वेषामागे एक विचार करण्याजोगे कारणही असते. पाश्चात्त्य देशांत सुमारे बारा पुरुषांमागे एकाला रंगांधत्व असते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना तांबडा व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. वेल्स आणि दक्षिण आफ्रिका आपापल्या पारंपरिक वेषात उतरले, तर अशा प्रेक्षकाला तीस माणसांची एकच झुंबड दिसते. या माणसालाही सामना कळावा म्हणून एखाद्या दिवसापुरता रंग बदलला, तर त्यावर परंपरेच्या नावाने रागावणे योग्य नव्हे.

क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे. फलंदाज दोनच, बाकीचे अकरा क्षेत्ररक्षक. कोण कोणाचा हे ओळखायला रंगाची गरजच नाही. म्हणून हा खेळ पिढ्यान् पिढ्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्याच कपड्यांत खेळला गेला आणि कोणाचे काही अडले नाही. रंगीत कपडे आले ते ऑस्ट्रेलियात, केरी पॅकर यांच्या व्यावसायिक मालिकेत, १९७९ सालच्या जानेवारीत. विजेच्या प्रकाशात, पांढऱ्या चेंडूने खेळलेला सामना दूरचित्रवाणीवर उठून दिसावा हा त्यामागील हेतू. ऑस्ट्रेलियाला पिवळा आणि वेस्ट इंडिजला गुलाबी रंग मिळाला. तो गुलाबी रंग त्या दांडग्या गोलंदाजांना मुळीच मानवला नाही. तात्पर्य, क्रिकेटमधील रंग जन्मापासूनच देखाव्याचा आहे. जे देखाव्यासाठी आले ते देखाव्यासाठी बदलत राहणार, हे ओघानेच आले.

आता आपल्या 'निळ्या'कडे वळू. भारतीय संघाचा निळा रंग आज अनादी असल्यासारखा वाटतो. पण त्याचे वय किती? २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देव यांनी विश्वचषक उंचावला, तो पांढऱ्या कपड्यांत. फिकट निळा व पिवळा वेष दिसला तो ऑस्ट्रेलियात. १९९२ च्या विश्वचषकात वेष गडद निळा होता, १९९६ मध्ये पुन्हा फिकट, २००९ मध्ये पुन्हा गडद. आणि २०२० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात १९९२ च्या वेषाची आठवण करून देणारा जुन्या धाटणीचा वेष आला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती चाळिसेक वर्षांची असून तिच्यातही एक छटा सलग टिकलेली नाही. ज्याने ज्या वयात सामने पाहिले, त्याला त्या वेळची छटा खरी वाटते. हा स्मृतीचा गुण आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र स्वतःच्या तारुण्यातील छटेला राष्ट्राची परंपरा ठरवताना थोडा संयम बाळगावा.

३० जून २०१९ रोजी बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्ध भारतीय संघ गडद निळ्या व नारिंगी रंगाच्या वेषात उतरला, तेव्हा हा संयम दोन्ही बाजूंनी सुटला. कारण साधे होते. दोन्ही संघांचा रंग निळा. आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या त्या स्पर्धेतील नियमानुसार यजमानाने आपला रंग राखायचा आणि पाहुण्याने बदलायचा. याच नियमाने दक्षिण आफ्रिकेचा संघ बांगलादेशाविरुद्ध पिवळ्या वेषात खेळला आणि त्यावर कोणी वादळ उठवले नाही. आपल्याकडे मात्र त्या नारिंगी रंगात काहींना राजकारण दिसले, काहींना धर्म दिसला. आपल्यापैकी अनेकांना भगवा म्हटले की ऊर भरून येतो, हे खरे. परंतु ऊर भरून येणे हे समर्थनाचे कारण होऊ शकत नाही, तसेच एखाद्या पक्षाचा राग हे विरोधाचे कारण होऊ शकत नाही. पुढे भारत तो सामना ३१ धावांनी हरला आणि जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी पराभवाचे खापर त्या वेषावर फोडले. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनला ज्या वेषात भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, त्याच्याही बाह्या नारिंगीच होत्या. त्या दिवशी कोणी रंगाला दोष दिल्याचे ऐकिवात नाही. पराभवाचे कारण कपड्यात शोधणाऱ्याने विजयाचे श्रेयही कपड्यालाच द्यावे, म्हणजे निदान त्याचा तर्क तरी सुसंगत राहील.

खरा अन्याय कोठे होतो ते पाहण्यासाठी वेल्समधील कार्डिफ या फुटबॉल संघाकडे पाहावे. निळा वेष आणि निळ्या पक्ष्याचे चिन्ह हीच त्या संघाची ओळख. २०१२ साली त्याच्या मलेशियन मालकांनी, व्हिन्सेंट टॅन यांनी, तो वेष तांबडा करून टाकला. तांबडा शुभ आणि आशियाई बाजारपेठेत चालणारा, असा त्यामागील विचार. पुढच्याच वर्षी संघ इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. यशाने राग विरघळेल असा हिशेब असावा. पण विरघळला नाही. प्रेक्षक निळ्यासाठी अडून बसले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. तेथील चाहत्यांना तांबड्या रंगाचे वावडे होते असे नाही. वेल्सच्या रग्बी संघाच्या तांबड्या वेषासाठी जीव टाकणारे हेच लोक. जे पिढ्यान् पिढ्या सामायिक होते ते एकाने आपली खासगी मालमत्ता समजून रंगवले, हे त्यांना सहन झाले नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथील रग्बी संघाचा हिरवा वेष आणि त्यावरील हरणाचे चिन्ह ही वर्णद्वेषी राजवटीची निशाणी मानली जात असे. कृष्णवर्णीय प्रेक्षक मुद्दाम विरुद्ध संघाला टाळ्या देत. सत्तांतरानंतर ते चिन्ह पुसून टाकणे सोपे होते आणि तशी मागणीही होती. नेल्सन मंडेला यांनी ते राखले. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी ते स्वतः तोच हिरवा वेष, पाठीवर कर्णधार फ्रान्स्वा पिनार यांचा सहा क्रमांक, घालून मैदानात आले. कापड तेच राहिले, त्याचा अर्थ पालटला. कार्डिफमध्ये कापड पालटले आणि त्याला काही अर्थच उरला नाही. रंगबदलाच्या वादात ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, तर पुष्कळसा गोंधळ दूर होईल.

इंदूरकरांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. १९४१-४२ ते १९५४-५५ या काळात होळकर संघ रणजी करंडकासाठी खेळला. १९४४-४५ पासूनच्या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड ही नावे आपल्या घरांत अजून आदराने घेतली जातात. या संघाचा रंग कोणता? पांढरा, म्हणजे प्रतिपक्षाचा होता तोच. प्रेम जडले ते नावावर. संस्थाने विलीन झाली, संघ आधी मध्य भारताचा आणि मग मध्य प्रदेशाचा झाला, तेव्हा पांढरा वेष जसाच्या तसा राहिला आणि तरीही काहीतरी हरवले. जे हरवले ते नाव होते. २०१० साली येथील क्रिकेट मैदानाला होळकरांचे नाव मिळाले, तेव्हा जुन्या घरांना झालेला आनंद याच कारणाचा होता. आपल्याच पोलोग्राउंडचे पाहा: पोलोचे घोडे केव्हाच गेले, आज तेथे कारखाने, गोदामे आणि वीज वितरण कंपनीची कचेरी आहे, पण नाव कोणी बदललेले नाही, म्हणून त्या जागेला अजून भूतकाळ आहे.

जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबई आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला, तेव्हा आपल्या समाजापुढे खरा पेच होता. एका बाजूला भाषेचे आणि पूर्वजांचे गाव, दुसऱ्या बाजूला जेथे वाढलो, नोकऱ्या केल्या ते राज्य. दोन्ही संघ पांढऱ्या कपड्यांत. निवड करायला रंगाची मदत नव्हती. मध्य प्रदेश सहा गडी राखून प्रथमच विजेता झाला. त्या संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, ज्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश १९९८-९९ च्या हंगामात याच मैदानावर अंतिम सामना हरला होता. आपल्यासारख्यांच्या मनातील दुभंग त्या एका माणसात सांधला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. निष्ठा ठरवायला रंग लागत नाही, हे त्या पाच दिवसांनी दाखवले. आता राज्याच्या नव्या वीस षटकांच्या स्पर्धेत २०२४ साली 'मालवा पँथर्स' नावाचा संघ होता आणि २०२५ साली 'इंदूर पिंक पँथर्स' अवतरला. येथे तर रंगच नावात शिरला. नाव टिकले तर पन्नास वर्षांनी त्यालाही कोणी परंपरा म्हणेल. पण दर हंगामाला नाव बदलणार असेल, तर प्रेक्षकाने जीव लावावा तो कशाला?

शासकीय सेवेत असताना एक नियम अंगवळणी पडला होता: कोणताही आदेश काढायचा तर नोटशीटवर कारण नोंदवायचे. कारणाविना दिलेला आदेश योग्य असला तरी संशयास्पद ठरतो. गणवेशालाही हाच नियम लावावा. समोरच्या संघाशी रंग जुळतो म्हणून बदलला, रंगांध प्रेक्षकाला दिसावे म्हणून बदलला, ही कारणे नोंदवण्याजोगी आहेत. कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेले म्हणून बदलला, हे नोंदवण्याजोगे कारण नव्हे. आणि भारतीय संघाच्या बाबतीत सर्वाधिक बदल याच सदरात मोडतात. २०२० ते २०२३ या अवघ्या तीन वर्षांत वेष तयार करणाऱ्या कंपन्या नायकी, एमपीएल, किलर आणि आदिदास अशा पालटल्या, आणि प्रत्येक वेळी चाहत्याला नवा सदरा विकत घ्यायला सुचवले गेले. ज्या रागाचा रोख या बाजाराकडे हवा, तो नारिंगी की निळा या वादात वाया जातो.

सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकात मुख्य प्रायोजक नसल्यामुळे भारतीय खेळाडूंच्या छातीवर प्रायोजकाचे नाव नव्हते. देशाचे होते. ती स्थिती योजून आणलेली नव्हती, ऑनलाइन जुगाराविरुद्धच्या नव्या कायद्याने प्रायोजकाला दूर केले होते. लवकरच नवा प्रायोजक आला आणि छाती पुन्हा भरली. तथापि त्या काही दिवसांत जे दिसले ते प्रेक्षकाने ध्यानात ठेवावे. निळ्याची छटा कोणती, यावर भांडण्याऐवजी त्या निळ्यावर देशाच्या नावाला किती जागा उरली आहे, हे त्याने नियामक मंडळाला विचारावे.