तीन स्त्रिया, एक छायाचित्र

फिलाडेल्फियात १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र आज स्त्रीवादी संकेतस्थळांवरून मोबाईलच्या पडद्यावर वारंवार समोर येते. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी त्यात आहेत : साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतील जपानच्या केइ ओकामी आणि आपल्या देशी वेशातील सीरियाच्या साबात इस्लामबुली. खाली मजकूर बहुधा दोन ओळींचा असतो. आपापल्या देशातील पहिल्या डॉक्टर, परंपरेच्या शृंखला तोडणाऱ्या तीन वीरांगना! ही प्रशंसा अस्थानी नाही. परंतु ज्या पोशाखांमुळे ते छायाचित्र डोळ्यांत भरते, त्यांविषयी हा मजकूर मौन पाळतो. माझी तक्रार त्या मौनाविषयी आहे.

आनंदीबाई आमच्या कल्याणच्या. ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला, तेव्हा ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी येऊन जेमतेम अकरा वर्षे होत होती. जागतिकीकरण हा शब्द आपल्या तोंडी १९९१ नंतर बसला. आगगाडी, टपाल आणि आगबोट यांनी मात्र कल्याणच्या या मुलीला कितीतरी आधी जगाशी जोडले होते. त्यात नियतकालिकाचा वाटा केवढा मोठा होता, हे आजच्या माध्यमांनी तरी विसरू नये.

टपालखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी कोल्हापूरहून अमेरिकन मिशनऱ्यांकडे साहाय्य मागितले. प्रिन्स्टनच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’चे संपादक रॉयल वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार छापला. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदतीचा विचार होईल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. तो अंक १८८० साली न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना वाचला. त्या ख्रिस्ती गृहिणीने कोणतीही अट न घालता अनोळखी मुलीला पत्र लिहिले, पुढे स्वतःच्या घरी ठेवून घेतले, तिचे शाकाहाराचे नियम सांभाळले. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परतू, असे आनंदीबाईंनी १८८३ साली श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर केले होते. एक अंक, दोन ख्रिस्ती वाचक, दोन प्रतिसाद. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. कार्पेंटरबाईंना त्याची वाट पाहावी लागली नाही.

या दोन प्रतिसादांच्या कसोटीवर आजचा पडद्यावरचा स्त्रीवाद घासून पाहावा, असे मला वाटते. त्यातील बराच मजकूर वाइल्डर यांच्या वळणाचा आहे. आधी आमची परिभाषा स्वीकार, देव-धर्म, व्रत, पदर टाक, मग तू आमची भगिनी, अशी अट त्यात न बोलता घातलेली असते. सकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीहून उभ्याने प्रवास करणारी, नोकरी सांभाळून रविवारी मिस्सेला येणारी स्त्री त्या परिभाषेत बसत नाही. तिचा धर्म तिच्या अज्ञानाचा पुरावा ठरतो.

अर्थात स्त्रीवाद हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी यावर माना डोलावू नयेत. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार सिद्ध करणे पुरत असे. पत्नीला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असेही काही सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली ती जाचक जोडणी रद्द ठरविली आणि संसदेने २००१ साली कायदा सुधारला. विवाहाच्या अविच्छेद्यतेविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी. परंतु पतीला एक माप व पत्नीला दुसरे, याला त्या शिकवणीचा आधार नव्हता. त्या अन्यायाविरुद्ध व्यासपीठांवरून किती धर्मगुरू बोलले? स्त्रियांच्या संघटना बोलल्या.

पडद्यावरच्या मजकुराची दुसरी उणीव वाङ्मयीन आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रात पत्रे आहेत, आणि पत्रांत माणसे एकरंगी राहत नाहीत. बायकोला शिकविण्यासाठी जगाशी भांडणारे गोपाळराव तिला मारहाणही करीत. त्या मारहाणीचे स्मरण आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच पत्राने करून दिले, आणि त्याच पत्रव्यवहारात त्यांच्याविषयीची कृतज्ञताही आहे. मीरा कोसंबी यांनी ही गुंतागुंत चिकाटीने उलगडली. दोन ओळींच्या मजकुरात एकतर उदार पती राहतो, नाहीतर क्रूर पती. २०१९ चा ‘आनंदी गोपाळ’ चित्रपट पाहून आलेल्या एका महाविद्यालयीन मुलीने मला विचारले, “फादर, मग ते चांगले की वाईट?” तिला मी काशीबाईंचे पुस्तक सुचविले. ते मिळविण्यासाठी ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाची पायरी चढावी लागेल, हेही सांगितले.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवलेली आहे.