चूक कोणाची?

शेगडीचे चार बर्नर चौकोनात आणि बटणे मात्र एका ओळीत असतील, तर त्यांच्या जोड्या २४ प्रकारे लागू शकतात. बटणेही चौकोनातच बसवली, तर पाठांतराची गरज उरत नाही. १९८८ साली वेगळ्या नावाने निघालेल्या डोनाल्ड नॉर्मन यांच्या ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या पुस्तकाचे बळ अशा उदाहरणांत आहे. अनेकजण तीच चूक करत असतील तर दोष रचनेत शोधावा, हे त्याचे सूत्र.

संगणकाच्या पडद्यावर मात्र हे तितके सोपे नाही. दाराची मूठ हाताला काही सुचवते. सपाट पडदा काहीच सुचवत नाही. म्हणून २०१३च्या आवृत्तीत नॉर्मन यांनी ‘खुणे’ची कल्पना जोडली. पण खूणही आधी शिकावी लागते. फ्लॉपी न पाहिलेल्या मुलाला तिच्या चित्राचा अर्थ ‘जतन करा’ असा कसा लागावा? संकेत संस्कृतीनुसार बदलतात हे लेखक मान्य करतात. परंतु ते प्रथमच शिकणाऱ्याची बाजू पुस्तकात फिकी राहते.

तरीही शिक्षकांनी ते वाचावे. एकाच प्रश्नात निम्मा वर्ग चुकला, तर मुलांना धांदरट ठरवण्याआधी प्रश्नाची शब्दरचना तपासून पाहावी, एवढे तरी ते नक्कीच शिकवते.