जिंकलेले पानिपत

म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांच्या हातून ब्रिटिशांनी १८३१ साली राज्यकारभार काढून घेतला, तो १८६८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांना परत मिळाला नाही. गादी राहिली, दरबार राहिला; सत्ता तेवढी गेली. या राजाला खेळ रचण्याचा विलक्षण नाद होता. त्याच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथाचा ‘कौतुकनिधी’ हा विभाग खेळांना वाहिलेला आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. म्हैसूर दरबारी रचलेले संच ३६० पानांपर्यंत पोहोचले. बुद्धिबळाच्या घोड्याने पटावरील प्रत्येक घरात एकदा आणि एकदाच कसे जावे, या कूटाचाही राजाने पिच्छा पुरवला. ज्याच्या आज्ञेला राज्यात वजन उरले नव्हते, त्याची आज्ञा पटावर मात्र निरपवाद चालत होती.

विज्ञानकथेच्या विवेचनात या राजाचे स्मरण होणे सर्वस्वी अप्रस्तुत नाही. विज्ञानकथा, तिच्यावर बेतलेली दूरदर्शन-मालिका आणि संगणकावरील खेळ या तिन्ही प्रकारांवर सारखेच प्रेम करणारा रसिक त्यांत जे शोधतो, ते एकच असते. ज्ञात जगाचा एखादा नियम बदलावा आणि मग त्या बदललेल्या नियमाशी शेवटपर्यंत इमान राखावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु हे प्रतिजग कशासाठी रचले, हा प्रश्न उरतोच. ते हरलेल्याचे सांत्वन आहे, की हरण्याचा अर्थ समजून घेण्याची खटपट आहे?

मराठीत हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. येथे विज्ञानकथेने साहित्यात प्रवेश केला तो प्रबोधनाच्या दाराने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि ती पहिली आली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. त्यामुळे प्रतिष्ठा लाभली हे खरे. पण कथेतले विज्ञान अचूक आहे काय, हीच समीक्षेची कसोटी होऊन बसली. कथेतल्या खेळाकडे, आणि त्या खेळात पणाला काय लागले आहे याकडे, कोणी फारसे पाहिले नाही.

ते पाहायचे तर नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेकडे वळावे लागते. मराठी माणसाच्या मनात पानिपत ही केवळ लढाई नाही. ती भाषेतली एक क्रिया आहे. कोणाचेही, कशातही पानिपत होते. अशा शब्दाला हात घालून कथाकार एकच गोष्ट बदलतो: १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते. बाकी सारे त्यातून निष्पन्न होते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईस येतात, ती मराठे जिंकलेल्या भारतातली मुंबई असते. ग्रंथालयात बसून ते इतिहासाचे खंड पाहू लागतात, आणि परिचित हकीकत नेमकी कोठे वाट सोडते ते एखाद्या गुप्तहेराच्या चिकाटीने हुडकून काढतात. मराठी कथेत ग्रंथालयातील वाचनाला इतकी उत्कंठा क्वचितच लाभली असेल.

येथवर सांत्वनाचा मोह उघड आहे. परकीयांपुढे न वाकलेला, स्वतःच्या पायांवर उभा असलेला देश गंगाधरपंतांना सुखावतो, तसा वाचकालाही सुखावतो. कथा मोठी होते ती या सुखाची किंमत वसूल करते म्हणून. जिंकलेल्या इतिहासात गंगाधरपंतांना जागाच नाही. ज्या कचेरीत मुलगा असायला हवा, तेथे त्या नावाचे कोणी नसते. मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते म्हणून ते व्याख्यान देण्यास सरसावतात, तर अध्यक्षीय भाषणांना केव्हाच विटलेला तो समाज त्यांच्यावर हाती लागेल ते फेकतो. (मराठी सभांतून तासन्‌तास बसलेल्या वाचकाला त्या समाजाचा हेवाच वाटेल.) पानिपत जिंकले गेले, पानिपतावर आयुष्यभर बोलत आलेला माणूस मात्र निरुपयोगी ठरला. पराभवावर पोसलेल्या विद्वत्तेची याहून नेमकी थट्टा कोणी केलेली नाही.

हीच कल्पना अन्यत्र काय होते ते पाहण्यासारखे आहे. फिलिप के. डिक यांच्या १९६२ सालच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ या कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकतात. तेथील पात्रे मित्रराष्ट्रे जिंकल्याची एक कादंबरी वाचतात. ‘स्टार ट्रेक’च्या १९६७ सालच्या एका भागात इतिहास मूळ पदावर आणायचा तर एका सत्प्रवृत्त स्त्रीला अपघातात मरू द्यावे लागते, आणि तिच्यावर प्रेम करणारा नायक तिला वाचवू पाहणाऱ्या मित्रालाच अडवून धरतो. हा भाग हृदय हलवतो. परंतु पुढच्या आठवड्यात तोच नायक त्याच यानात, जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने उभा असतो. १९८०च्या दशकात भारतीय दूरदर्शनवर ही मालिका पाहणाऱ्या मुलांना ते खटकले नसेल. तरी मालिका या प्रकाराची मर्यादा तीच आहे: तिच्या दुःखाला आठवडाभराचीही मुदत नसते.

संगणकाच्या खेळात नियमाची शिस्त सर्वांत कडक. १९९१ साली आलेल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये खेळणारा एका वसाहतीपासून आरंभ करून सहा हजार वर्षांचा इतिहास स्वतः घडवतो, चुकीच्या निर्णयाला तेथे कोणतीही वाक्चातुर्याची पळवाट नाही. कादंबरीकार नियम मोडून निसटू शकतो, यंत्र निसटू देत नाही. परंतु त्याच यंत्रात डाव जतन करून ठेवण्याची सोय असते. हरलेली लढाई पुन्हा लढता येते, विश्वासरावांची गोळी हवी तितक्या वेळा चुकवता येते. ज्या पानिपताचा दुसरा डाव मांडता येतो, ते पानिपत राहत नाही.

नारळीकरांची कथा निर्दोष नाही. परतल्यानंतर राजेंद्र देशपांडे हे पात्र गंगाधरपंतांना पुंजसिद्धान्त समजावून सांगू लागते, तेव्हा कथाकार मागे सरतो आणि प्राध्यापक पुढे येतो. ज्या व्याख्यानबाजीची मैदानावर खिल्ली उडवली, तीच आता दिवाणखान्यात सुरू होते. स्पर्धेच्या मंडपात वाढलेल्या मराठी विज्ञानकथेची ही जुनी खोड आहे. मात्र ते निरूपण संपल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. गंगाधरपंतांच्या खिशातून त्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान निघते, आणि पानिपतावरील परिसंवादाचे अध्यक्षपद आपण नाकारल्याचे ते शांतपणे सांगतात.