कुलवृत्तांत आणि गांवचें दप्तर

आपल्या भाषेंत कुलवृत्तांतांची परंपरा जुनी आहे व तींत आजहि भर पडत आहे. पूर्वजांचा शोध घेण्याची ही हौस आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु ह्या ग्रंथांचें परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. आप्तांनीं आप्तांसाठीं लिहिलेलें पुस्तक म्हणून टीकाकार तें बाजूस ठेवितात. वस्तुतः तो इतिहासाचाच एक प्रकार होय व त्यास इतिहासाचीच कसोटी लाविली पाहिजे.

ती कसोटी कोणती, हें बीड जिल्ह्यांतील शिरूर कासारसारख्या गांवावरून समजेल. तेथील एखाद्या शेतकऱ्यानें आपला खापरपणजा शोधावयाचें मनांत आणिलें तर त्यानें कोठें जावें? हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें जुने कागद कांहीं मोडींत, तर कांहीं फारसी-उर्दूंत आहेत. अक्षर लागलें तरी अडचण संपत नाहीं. आडनांव पुष्कळदा नसतेंच. 'बिन' किंवा 'वल्द' ह्या एका शब्दावर बापलेकांचें नातें तोलून धरावें लागतें, आणि आईचा तर पत्ताच लागत नाहीं. दुसरी वाट तीर्थक्षेत्राची. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुळांचीं नांवें सांपडतात. पण महसुली दप्तर नांव लिहितें तें साऱ्यासाठीं आणि उपाध्याय लिहितो तें यजमानासाठीं. ज्याला जमीन नव्हती व यात्राहि घडली नाहीं, तो दोहींतूनहि निसटतो.

जमीन वा यात्रा ह्यांवर न विसंबणारी नोंद पाहावयाची तर युरोपांतील गांवांकडे वळावें. १५६३ मध्यें ट्रेंटच्या धर्मसभेनें कॅथलिक पाद्र्यांस बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या वह्या ठेवण्यास लाविलें. चेक लोकांच्या बोहेमियांत १७८४ मध्यें सम्राट दुसरा जोसेफ ह्यानें त्या वह्यांस ठराविक रकाने घालून दिले. म्हणून तेथील मजुराचा वंशजहि आपल्या पणजीचें माहेर शोधूं शकतो. आमच्या पुष्कळ वंशवृक्षांत मात्र मुलीची फांदीच नसते.

हा दोष केवळ ग्रंथापुरता नाहीं. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली व मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हांपासून मोडींतील एका शब्दाच्या वाचनाशीं कित्येक घरांतील मुलांचें शिक्षण व नोकरी जोडली गेली आहे. अशा वेळीं ऐकीव पिढी आणि कागदानें सिद्ध झालेली पिढी एकाच शाईंत, एकाच विश्वासानें छापणें हा लहान अपराध नव्हे.

इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें मिळवीत, तें घराण्यांचा गौरव वाढविण्यासाठीं नव्हे. कुलवृत्तांतकारांनीं तो कित्ता गिरवावा. प्रत्येक पिढीपुढें तिचा आधार नमूद करावा, लेकी-सुनांचीं नांवें त्यांच्या गांवांसह द्यावींत, आणि दुवा तुटला असेल तेथें जागा कोरी सोडावी. कल्पित पूर्वजानें भरलेली जागा पुढच्या शोधकाची वाट बंद करते. कोरी जागा त्याला कोठून निघावयाचें तें सांगते.