‘द नेम ऑफ द रोझ’ : कादंबरीतील रहस्य आणि चित्रपटातील रहस्यभेद

मराठीत ‘रहस्य’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी रूढ आहे. ‘रहस्यकथा’ या सामासिक शब्दात रहस्य म्हणजे कोणीतरी हेतुपुरस्सर दडवून ठेवलेली गोष्ट. ती उघडकीस आली की रहस्य संपते आणि त्याबरोबर कथाही संपते. ‘गीतारहस्य’ या लोकमान्यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या नावात मात्र रहस्य म्हणजे गर्भितार्थ. तो कोणी लपविलेला नसतो, तो समजून घ्यावयाचा असतो, आणि समजल्यानंतरही तो शिल्लक राहतो. धर्मविषयक रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकापुढे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे असतात. बहुतेक लेखक दुसऱ्या अर्थाचे रूपांतर पहिल्यात करून मोकळे होतात. धर्माचे गूढ म्हणजे एक कुलूप, आणि नायकाजवळ त्याची किल्ली, अशी मांडणी ते करतात. उम्बेर्तो एको यांच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीचे वेगळेपण असे की, तिच्यात कुलूप उघडते, परंतु किल्ली चुकीची होती हेही त्याच क्षणी कळून येते. या कादंबरीवरील चित्रपटात किल्ली अचूक ठरते. या एका फरकाने दोन्ही कृतींचा नैतिक आशय किती बदलला आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एको (१९३२–२०१६) हे बोलोन्या विद्यापीठात चिन्हमीमांसेचे प्राध्यापक होते. संत थॉमस अक्वायनस यांच्या सौंदर्यविचारावरील त्यांचा प्रबंध १९५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, १९८० साली, त्यांची ही पहिली कादंबरी इटालियन भाषेत निघाली. १९८१ साली तिला स्ट्रेगा पारितोषिक मिळाले, आणि १९८३ साली विल्यम वीव्हर यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. मध्ययुग आणि चिन्हविचार हे लेखकाच्या अभ्यासाचे दोन्ही विषय कादंबरीत एकत्र आले आहेत.

कथा १३२७ सालच्या नोव्हेंबरअखेरच्या सात दिवसांत, उत्तर इटलीतील एका डोंगरमाथ्यावरील बेनेडिक्टीन मठात घडते. येशू ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांची स्वतःच्या मालकीची मालमत्ता होती की नव्हती, या प्रश्नावरून त्या काळी फ्रान्सिस्कन पंथ आणि आव्हिन्यों येथील पोप बाविसावे जॉन यांच्यात तीव्र वाद होता. त्याच्या वाटाघाटी या मठात व्हावयाच्या असतात. त्यासाठी आलेला बास्करव्हिलचा विल्यम हा इंग्रज फ्रान्सिस्कन एकेकाळी धर्मचौकशीचा अधिकारी होता. त्याच्यासोबत आड्सो नावाचा नवदीक्षित तरुण असून तोच पुढे वृद्धपणी ही हकीकत लिहितो. बास्करव्हिल हे नाव आणि आड्सोचे निवेदन यांमुळे होम्स व वॉटसन यांची जोडी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. मठात एकामागून एक भिक्षू मरत जातात, आणि त्या मृत्यूंचा माग ग्रंथालयातील एका पुस्तकाकडे जातो.

ते पुस्तक म्हणजे ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा लुप्त झालेला दुसरा भाग होय. उपलब्ध भागात ॲरिस्टॉटलने सुखात्मिकेचा विचार पुढे करण्याचे आश्वासन दिले आहे; तो विचार आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. विंदा करंदीकरांच्या १९५७ सालच्या मराठी अनुवादातून काव्यशास्त्राचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ही उणीव परिचित असेल. त्या रिकाम्या जागेवर एको यांनी आपल्या कथेची उभारणी केली आहे. योर्गे हा अंध वृद्ध भिक्षू पुस्तकाच्या पानांना विष लावून ठेवतो. बोटाला थुंकी लावून पाने उलटणारा वाचक आपल्या वाचनानेच मरतो.

योर्गे हा केवळ खलपुरुष नव्हे. हास्य ही गावंढळांची करमणूक राहिली तर त्याला तिची फिकीर नाही. परंतु ॲरिस्टॉटलसारख्या अधिकारी पुरुषाने हास्याला शास्त्राची प्रतिष्ठा दिली, तर सामान्य माणसाच्या मनातील भय नाहीसे होईल, आणि भयाबरोबर ईश्वरी नियमही कोसळेल, अशी त्याची धारणा आहे. हे तर्कशुद्ध आहे. त्यामुळे अखेरच्या रात्री ग्रंथालयात विल्यम व योर्गे यांचा संवाद होतो तो दोन विद्वानांचा शास्त्रार्थ वाटतो. दोघांना एकमेकांच्या बुद्धीविषयी आदर आहे.

विल्यम तेथवर कसा पोहोचला, हा या कादंबरीतील कळीचा प्रश्न आहे. प्रारंभी मठाधिपतीचा हरवलेला घोडा न पाहता तो त्याचे वर्णन करतो, नावदेखील सांगतो. बर्फावरील खुणांवरून अनुमान करण्याची त्याची ही रीत पाहून वाचक निर्धास्त होतो. परंतु पुढे खुनांच्या बाबतीत तो एका आकृतीत सापडतो. बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात सात कर्ण्यांच्या निनादाबरोबर जी अरिष्टे कोसळतात, त्यांच्या क्रमाने मृत्यू घडत आहेत, असा विचार एका अतिवृद्ध भिक्षूच्या बोलण्यातून निघतो. पहिला मृतदेह हिमवादळानंतर सापडतो, दुसरा रक्तात, तिसरा पाण्यात. चौथ्या भिक्षूचे डोके आकाशगोलाच्या प्रतिकृतीने फुटते, आणि पाचवा मरताना विंचवांची भाषा बोलतो. आकृती पूर्ण जुळते; वस्तुस्थिती मात्र निराळी असते. पहिल्याने आत्महत्या केलेली असते. दुसऱ्याचे प्रेत दुसऱ्याच कोणी रक्ताच्या रांजणात टाकलेले असते. तिसरा विषाचा दाह शमविण्यासाठी स्नानगृहात गेलेला असतो. चौथ्याच्या वेळी मारेकऱ्याच्या हाताला लागली ती वस्तू आकाशगोल होती, इतकेच. याहून भयंकर गोष्ट अशी की, विल्यमच्या या कल्पनेची वार्ता योर्गेच्या कानी जाते आणि हे सर्व ईश्वरी योजनेनेच घडत आहे अशी त्याची खात्री होते. शोधकाच्या चुकीने गुन्हेगाराला धर्मशास्त्र पुरविले! विल्यम गुन्हेगारापर्यंत पोहोचतो खरा. पण जी योजना नव्हतीच तिचा पाठपुरावा करीत, योगायोगाने पोहोचतो, आणि हे तो स्वतः कबूल करतो.

या कबुलीचे महत्त्व बर्नार्द गी या पात्राशेजारी ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते. गी हा ऐतिहासिक पुरुष असून पोपने नेमलेला धर्मचौकशीचा अधिकारी होता. ‘इन्क्विझिशन’ ही संस्था गोव्याच्या इतिहासामुळे मराठी वाचकाला अपरिचित नाही. तथापि १५६० ते १८१२ या काळात, मध्यंतरीच्या अल्प खंडासह, गोव्यात चाललेले ते पोर्तुगीज राजसत्तेच्या छत्राखालचे न्यायासन होते. कादंबरीतील चौकशी त्याहून जुनी आणि थेट पोपच्या अधिकारातील आहे. गीदेखील खुणा वाचतो. एक मांजर, एक काळा कोंबडा आणि एक दरिद्री मुलगी एवढ्या सामग्रीवरून तो जादूटोण्याचा आरोप सिद्ध करतो, आणि छळाच्या भीतीने कोठारी रेमिजिओकडून न केलेल्या खुनांचीही कबुली मिळवितो. त्याचीही आकृती पूर्ण जुळते. मग विल्यम आणि गी यांच्यात भेद कोणता? बुद्धीचा नव्हे, कारण गी बुद्धिमान आहे. सत्याविषयीच्या निष्ठेचाही नव्हे, कारण ती गीजवळ किंबहुना अधिकच आहे. भेद एवढाच की, विल्यमला आपल्या आकृतीविषयी संशय घेता येतो. संशोधक आणि छळाधिकारी यांना विभागणारी रेषा एको यांनी इतकी बारीक ओढली आहे. विद्यापीठीय वाचकाला अस्वस्थ करण्याचे सामर्थ्य या कादंबरीत आहे ते यामुळेच.

ज्याँ-जाक आनो यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९८६ साली प्रदर्शित झाला. त्यात विल्यमची भूमिका शॉन कॉनरी यांनी, आड्सोची क्रिश्चन स्लेटर यांनी आणि गीची एफ. मरे एब्रहॅम यांनी केली. श्रेयनामावलीत हा चित्रपट एको यांच्या कादंबरीचे ‘पालिम्प्सेस्ट’ असल्याचे म्हटले आहे. पालिम्प्सेस्ट म्हणजे जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिलेले चर्मपत्र. हे वर्णन प्रामाणिक आहे, आणि ते गांभीर्याने घेतले तर टीकेची दिशाही त्यातूनच मिळते. काय खरवडले गेले, हे पाहिले पाहिजे.

सात कर्ण्यांची कल्पना चित्रपटात भयभीत भिक्षूंच्या तोंडी आहे. विल्यम तिच्या आहारी जात नाही. त्याची बुद्धी आरंभापासून अखेरपर्यंत योग्य मार्गावर चालते. गी आणि विल्यम यांच्यामागे पूर्ववैराची कथा जोडली आहे, त्यामुळे दोन शोधपद्धतींमधील विरोध दोन व्यक्तींमधील विरोध बनतो. कादंबरीत गी आपल्या कैद्यांना घेऊन सुखरूप निघून जातो, आणि प्रत्यक्ष इतिहासातही तो १३३१ पर्यंत जिवंत होता. चित्रपटात मात्र संतप्त गावकरी त्याची गाडी कड्यावरून लोटून देतात. कादंबरीतील अनामिक मुलगी चितेकडे नेली जाते. चित्रपटात ती वाचते आणि वाटेवर आड्सोची गाठ घेते. ग्रंथालय दोन्हीकडे जळते, पण चित्रपटातील विल्यम छातीशी काही पुस्तके धरून आगीतून बाहेर पडतो. न्याय, प्रेम आणि ज्ञान या तिन्ही बाबतींत काही ना काही वाचविले गेले आहे. कादंबरीत वृद्ध आड्सोच्या हाती उरतात ते पुष्कळ वर्षांनी भग्नावशेषांतून वेचलेले चर्मपत्रांचे तुकडे.

माध्यमाच्या गरजेमुळे हे बदल करावे लागले, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अंशतःच. कादंबरीतील ग्रंथालयात एकाच मजल्यावर छप्पन्न दालने असून त्यांची रचना जगाच्या नकाशाबरहुकूम आहे. असा नकाशा वाचता येतो, पडद्यावर दाखविणे कठीण. तेथे दान्ते फेर्रेत्ती यांच्या नेपथ्याने एकमेकांना छेदणाऱ्या जिन्यांचा उंच मनोरा उभा केला, हे माध्यमाला साजेसेच झाले. पंथोपपंथांचे दीर्घ विवेचन गाळणेही अपरिहार्य होते. परंतु गीचा मृत्यू आणि मुलीची सुटका यांना माध्यमाचे कोणतेही बंधन कारण नाही. वृद्ध आड्सोचे निवेदन पार्श्वस्वर म्हणून चित्रपटात कायम ठेवलेले आहे. विल्यमच्या पराभवाची कबुली त्या स्वरातून सहज देता आली असती. ती वगळली गेली ती प्रेक्षकाच्या समाधानासाठी.

तथापि चित्रपटाने जे मिळविले तेही नोंदविले पाहिजे. मठाच्या भिंतीतून फेकलेला कचरा आणि टाकाऊ अन्न यांवर खाली तुटून पडणारे गावकरी हे त्यातील दृश्य ख्रिस्ताच्या दारिद्र्याच्या वादावरील प्रभावी भाष्य आहे. कादंबरीत हा वाद पृष्ठामागून पृष्ठ चालतो, आणि गरीब माणूस त्यात बहुधा युक्तिवादाचा विषय असतो. पडद्यावर त्याला चेहरा मिळतो. थंडी, चिखल, अपुरा उजेड आणि भिक्षूंचे विरूप चेहरे यांमुळे विद्वत्तेच्या पायाखाली कोणती जमीन होती ते दिसते. धर्मसंस्थेचे एक रहस्य ग्रंथालयात दडलेले आहे, तर दुसरे तिच्या संपत्तीत उघड्यावर पडलेले आहे. हे दुसरे रहस्य आनो यांनी एको यांच्यापेक्षा अधिक स्पष्टपणे दाखविले आहे. असे असूनही, त्याच गावकऱ्यांच्या हातून गीला मारवून त्यांनी या दर्शनाची धार बोथट केली. एक दुष्ट अधिकारी कड्यावरून पडला म्हणजे व्यवस्थेचा हिशेब चुकता झाला, असा भास त्यामुळे होतो.

रूपांतराचा अभ्यास करताना मूळ कृतीतील किती प्रसंग राहिले आणि किती गळले याची यादी आपल्याकडे पुष्कळदा केली जाते. या जोडीवरून असे दिसते की, मूळ कृतीने जे नष्ट होऊ दिले त्यापैकी रूपांतराने काय वाचविले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. आनो यांच्या चित्रपटाने मुलीला वाचविले, काही ग्रंथ वाचविले, आणि त्यांबरोबर नायकाची अचूकताही वाचविली. पहिल्या दोहोंबद्दल प्रेक्षक कृतज्ञ राहील. तिसरीची किंमत मात्र मोठी आहे, कारण अचूक ठरलेला विल्यम आणि आपण अचूक आहोत असे मानणारा गी यांच्यात मग केवळ सौजन्याचाच फरक उरतो.